जागाताईने आईचं घर आवरलं

जागाताई पहिल्या दिवशी कशालाच हात लावत नाही. घराच्या मधोमध स्टूल टाकून बसते आणि माणसांचे हात बघते. कोण कुठे हात घालतं, कशासाठी वाकतं, कुठलं दार उघडून लगेच बंद करतं. मांडीवर वही असते. वहीत ती घराचा नकाशा काढते आणि हात जिथे जातो तिथे ठिपका देते. संध्याकाळपर्यंत काही जागा काळ्या होतात, काही कोऱ्या राहतात. कोऱ्या जागांपासून आवरायला सुरुवात.

पूर्वी ती एक दिवस बसायची. आता तीन दिवस बसते.

लोकांची घरं आवरून देणं हा तिचा धंदा. त्याआधी बारा वर्षं ती एका हॉटेलात चादरी-टॉवेलांच्या खोलीत होती. हॉटेल बंद पडलं. लग्न त्याच्याही आधी मोडलं होतं. "नवरा गेला तेव्हा कपाटाचे दोन खण रिकामे झाले," ती सांगायची. "तेव्हा कळलं, मला रिकामे खण बघायला आवडतात." हे ती हसत सांगायची. ऐकणारेही हसायचे.

जागाताई हे नाव तिला गिऱ्हाइकांनी दिलं. प्रत्येक वस्तू ती माणसासमोर धरायची आणि विचारायची, "याची जागा कुठली?" एका साहेबांच्या घरी वायरींनी भरलेलं खोकं निघालं.

"या कशाच्या?"

"असू द्या. लागतील."

"कशाला लागतील?"

"ते आठवलं की लागतील."

दुसऱ्या एका घरी कपबशांचे नऊ संच होते, कागदातून न काढलेले.

"पाहुण्यांसाठी आहेत," त्या घरच्या बाई म्हणाल्या.

"पाहुणे शेवटचे कधी आले होते?"

"येत नाहीत हो. बसायला जागा कुठेय?"

मी तिच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहायला आले तेव्हा चोवीस वर्षांची होते. साहित्याची पदवी होती, नोकरी नव्हती. ती त्रेचाळीसची. एका सकाळी तिने दार वाजवलं.

"तू पुस्तकं वाचलीस ना? एका वकिलांच्या घरी तीन कपाटं आहेत. कुठली काढायची ते सांगायला चल."

मी गेले. दुपारपर्यंत बघितली. एकही काढवेना.

"मग तुझा काही उपयोग नाही," ती म्हणाली. "धूळ तरी पूस."

मी धूळ पुसली. तेव्हापासून आमची मैत्री.

रविवारी ती आईकडे जायची. मग मीही जायला लागले. आई एकाहत्तर वर्षांची, एकटी राहायची. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, मधे अरुंद बोळ. तिने आयुष्यभर टेलिफोन ऑपरेटरची नोकरी केली होती. कानाला यंत्र लावून हजारो माणसं एकमेकांना जोडून दिली होती. एकदा ऐकलेला आवाज ती विसरत नसे. आम्ही जिन्यात असतानाच आतून म्हणायची, "आज दोघी आलात." मला वाटायचं, नोकरीची सवय.

पहिल्याच भेटीत तिने मला विचारलं, "काय शिकलीस म्हणालीस?"

"साहित्य."

"म्हणजे गोष्टी."

"हो."

"आणि पोटापाण्याचं?"

"बघतेय, मावशी."

"बघ बाई. घाई नाही. माझी मुलगी बघ, चाळिशीत दुसऱ्यांची कपाटं उघडायला लागली."

मुलीचं मनगट धरून ती दर रविवारी म्हणायची, "बारीक झालीस." ताई म्हणायची, "तू तेच म्हणतेस दर वेळी." आई म्हणायची, "तू तशीच येतेस दर वेळी."

घर मात्र भयंकर होतं. दारातच एक जुनी खुर्ची, येणारा तिला अडखळायचाच. पुढे पत्र्याची ट्रंक. ट्रंकेला लागून कमरेइतका रद्दीचा गठ्ठा, बरोबर स्वयंपाकघराच्या वळणावर. बोळात बाथरूमपासून पलंगापर्यंत एक दोरी बांधलेली. तिच्यावर सदा टॉवेल आणि कपडे. ओट्यावर डबे, एकासारखा दुसरा नाही. पोचे आलेला साखरेचा, चौकोनी चहाचा, कडा उडालेली मिठाची बरणी. एका डब्याला रबर गुंडाळलेलं, एकाला चिंधी बांधलेली.

"जगाची घरं आवरते मी," ताई म्हणायची, "आणि आईच्या घरात आडवं चालावं लागतं."

"मग आडवी चाल," आई म्हणायची. "हात लावायचा नाही."

एका रविवारी धाकटा आला होता. धाकटा म्हणजे ताईचा भाऊ, बँकेत आहे, शहराच्या दुसऱ्या टोकाला सहाव्या मजल्यावर राहतो. आईच्या नडगीवर निळा डाग होता. त्याने तो पाहिला.

"पडलीस?"

"ट्रंक लागली."

"आज ट्रंक लागली. उद्या डोक्यावर पडशील. पुरे झालं. माझ्याकडे चल."

"मी इथून हलणार नाही."

"आई, हे घर आहे का गोडाऊन?"

"माझं आहे."

धाकटा वाईट माणूस नाही. त्याला भीती वाटत होती. तो ताईकडे वळला. "तू सांग. तुझा तर धंदा आहे. या घरात म्हाताऱ्या माणसाने एकटं राहावं का?"

ताईने एकदा घरभर नजर फिरवली. मग म्हणाली, "घर नीट झालं तर राहू देशील?"

"झालं तर बघू."

आई म्हणाली, "कुणी काही नीट करायचं नाही." पण आवाजात रोजचा दम नव्हता. शेवटी तोडगा निघाला. आईने आठ दिवस धाकट्याकडे राहून बघावं. आवडलं नाही तर परत यावं. त्याला गप्प करायला आईने हो म्हटलं.

ते आठ दिवस ताईने हेरले. सोमवारी सकाळी आम्ही दोघी किल्लीने दार उघडून आत गेलो. मी स्टूल शोधत होते.

"स्टूल कशाला?"

"पहिला दिवस ना. बसायचं नाही?"

"इथे? मी याच घरात वाढले. मला काय बघायचंय?" ती म्हणाली. "आणि बघायला आई घरात हवी. ती असली तर हात लावू देईल का?"

बरोबर वाटलं मला. तिने मोबाइलवर घराचे फोटो काढले. हे ती प्रत्येक घरी करते, आधीचे आणि नंतरचे. मग बाह्या वर केल्या.

इतक्या आनंदात मी तिला कधी पाहिली नव्हती. गाणं गुणगुणत होती. खुर्ची आणि ट्रंक जुन्या सामानाच्या दुकानात गेली. गठ्ठा रद्दीवाल्याकडे. डबे भंगारात. त्यांच्या जागी तिने काचेच्या अकरा बरण्या आणल्या, एका मापाच्या. प्रत्येकीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी. "आईला चष्म्याशिवाय दिसायला हवं," ती म्हणाली. पलंग खिडकीपाशी सरकवला, उजेड यावा म्हणून. पडदे जुने होते, ते काढूनच टाकले.

बोळातली दोरी मी सोडली. गाठ घट्ट होती. दातांनी सोडवावी लागली.

पुढच्या मंगळवारी अकरा वाजता धाकटा आईला घेऊन आला. आईला काही सांगितलं नव्हतं. ताईने दार उघडलं आणि बाजूला झाली.

आई आत आली. उजवीकडे वळली, हात पुढे केला. तिथे खुर्ची नव्हती. हात हवेत राहिला. मग तिने तो वर नेला आणि केस सारखे केले. मी हे पाहिलं. मला काहीच वाटलं नाही.

"आवरलंस होय," ती म्हणाली.

"कसं वाटतंय?"

आईने पाऊल टाकलं नाही. "छान. मोकळं मोकळं."

"बघ तरी नीट."

"बघतेय की. पडदेही धुतलेस वाटतं. छान निघालेत."

खिडक्या उघड्या होत्या. पडद्यांची दांडीसुद्धा काढली होती. ताई हसली, तिला वाटलं आई टोमणा मारतेय. धाकटा खूश होता. "हे बघ," तो म्हणाला, "असं घर असेल तर माझं काही म्हणणं नाही. आई, राहा तू इथे." ताईने माझा हात दाबला.

"मी चहा टाकते," आई म्हणाली. भिंतीला बोटं लावून ती सावकाश आत गेली. वळणावर खांदा चौकटीला आपटला. "गुडघा," ती म्हणाली.

आम्ही बसलो. आतून झाकण उघडल्याचा आवाज आला. मग दुसरं. मग बराच वेळ काही नाही. मग आणखी एक झाकण. धाकट्याने घड्याळ पाहिलं. आम्ही उठून आत गेलो.

ओट्यावर अकरा बरण्या रांगेत होत्या. सगळ्यांची झाकणं निघालेली. आई एकेकीत बोट घालत होती आणि चाखत होती. चिठ्ठ्या तिच्या तोंडासमोर होत्या.

"आई, हे काय चाललंय?" धाकटा म्हणाला.

ती दचकली. बोट तोंडातच राहिलं.

धाकटा हळू आवाजात ताईला म्हणाला, "मला वाटतच होतं. परवा घरीही दाराऐवजी कपाट उघडत होती. डोकं काम करत नाहीये तिचं."

हळू बोलला तरी आईला ऐकू गेलंच. तिने बोट पदराला पुसलं.

"डोकं जागेवर आहे माझं," ती म्हणाली. "डोळे गेलेत."

डॉक्टरांकडे तासभर लागला. काचबिंदू. उजव्या डोळ्यात काही उरलं नव्हतं. डाव्यात फक्त उजेड की अंधार एवढंच. गेलेली नजर परत येत नाही, ते म्हणाले. केव्हापासून, असं विचारल्यावर आई म्हणाली, "दोन-अडीच वर्षं झाली असतील."

ताई परत येताना रिक्षात बोटांवर काहीतरी मोजत होती. मी विचारलं नाही. अडीच वर्षांचे रविवार असतील.

धाकट्याला आईला त्याच दिवशी न्यायचं होतं. ताईने त्याच्यापुढे हात जोडले. मी तिला कुणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं.

"ती इथे एकटी राहत होती. तुला कळलं का? मला कळलं का? अडीच वर्षं राहिली. मी होतं तसं करते. मला रविवारपर्यंत दे."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तुझ्याकडे."

आई पलंगावर बसून ऐकत होती. पलंग खिडकीपाशी होता. ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं, ती डोळे मिटत नव्हती.

धाकटा गेल्यावर ताई तिच्या पायाशी बसली.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हेच केलं असतं."

"मला सांगायचंस."

"तू त्याला सांगितलं असतंस. पोटात काही राहतं का तुझ्या?" मग ती म्हणाली, "दारातून आत आलं की खुर्ची. खुर्चीची पाठ सोडली की तीन पावलं, ट्रंक. ट्रंकेच्या कडेने गेलं की रद्दी. रद्दी कमरेला लागली की वळायचं. बाथरूमला दोरी धरून. डोळे जाणार हे मला आधी कळलं होतं. जरा दिसत होतं तोवर सगळं लावून घेतलं. तुझ्यासारखंच केलं गं. ज्याची त्याची जागा."



बुधवारी आम्ही दुकानात गेलो. ट्रंक मिळाली. खुर्ची कुणी घेऊन गेलं होतं. भंगारवाल्याने डबे चेपून टाकले होते. रद्दी कारखान्यात गेली होती. आम्ही दुसरी खुर्ची आणली, माझी जुनी पुस्तकं बांधून गठ्ठा केला. पलंग जुन्या जागी नेला आणि मी पुन्हा दोरी बांधली. ताईने मोबाइलमधले फोटो उघडले. टेप घेऊन ती जमिनीवर रांगत होती. फोटोत बघायची, ट्रंक बोटभर सरकवायची, पुन्हा फोटोत बघायची.

मग आईला उभं केलं.

तिने हात पुढे केला. खुर्ची लागली. बोटं पाठीवरून फिरली आणि थबकली. "ही बुटकी आहे." तीन पावलं गेली. ट्रंक बाजूने पोटरीला लागायला हवी होती, समोरून गुडघ्याला लागली. "जरा भिंतीकडे घे." ताईने घेतली. "फार झालं." पुन्हा सरकवली. गठ्ठा कमरेला लागला. ती वळली, आणि चौकटीवर आपटली.

"पुन्हा," ताई म्हणाली.

गुरुवारी अकरा वेळा केलं. कधी स्वयंपाकघर सापडायचं, पण मग परतीची वाट हुकायची. शुक्रवारी ताई स्टुलावर बसली. वही घेतली, आईचे हात बघत राहिली. त्या दिवशी आई उठली ती दोनदाच. बाकी वेळ हात मांडीवर होते. संध्याकाळी मी वहीत डोकावले. नकाशा सुंदर काढला होता. ठिपके चार.

"आई, प्रयत्न कर ना," ताई म्हणाली.

"करतेय."

"आधी जमलं होतं तुला."

"तेव्हा थोडं दिसत होतं," आई म्हणाली. "डोळ्यांनी हातांना शिकवलं. आता हातांना कोण शिकवणार?"

ताई उठून बाथरूममध्ये गेली. नळ सोडून ठेवला. आई माझ्या दिशेला वळून म्हणाली, "रडतेय ना?"

"नाही, मावशी."

"तू गोष्टी शिकलीस, पण खोटं बोलायला नाही शिकलीस."

शनिवारी दुपारी आम्ही भाजी घेऊन आलो तेव्हा आई जमिनीवर बसली होती. कपाळावर टेंगूळ होतं. घर आवरताना ताईने भिंतीवर एक नवी फळी ठोकली होती, औषधांसाठी; तीच लागली होती. आधीच्या फोटोत ती नव्हती, म्हणून काढायची राहिली. आईच्या मांडीवर फोन होता, जुना बटणांचा. तिने स्वतः नंबर लावला होता.

"त्याला बोलावलंय," ती म्हणाली.

"आई, अजून उद्याचा दिवस आहे. रविवारपर्यंत म्हणालाय तो."

"एका दिवसात काय होणार?"

"मी इथे राहायला येते. खोली सोडते."

"आणि काम?"

"बघू काम."

"रोज माझ्यामागे खुर्च्या सरकवत बसशील. मी पडले की स्वतःला खाशील. मला ते बघवणार नाही." तिला स्वतःलाच हसू आलं. "ऐकवणार नाही म्हण."

"माझ्यामुळे झालं," ताई म्हणाली.

आईने हात पुढे केला. मनगटाऐवजी खांदा सापडला. तोच धरला.

"तू मला इथे ठेवायलाच केलंस. मला माहितेय. पण एकदा विचारायचं होतंस, आई, हे असं का ठेवलंय."

मीही विचारलं नव्हतं.

पाच वाजता धाकटा आला. ताईने बॅग भरली. ती जगाच्या बॅगा भरते, घड्या कागदासारख्या सरळ. त्या दिवशी तिने कपडे उचलले तसे कोंबले. धाकट्याने टेंगूळ पाहिलं. बॅग घेतली आणि आईचा दंड धरून दारापर्यंत आणलं.

"हळू. पुढे जिना आहे. मला धर."

"सोड," आई म्हणाली.

तिने दंड सोडवून घेतला आणि पायरी उतरली. मग दुसरी. कठड्याला हात लावला नाही. पदर सावरला, तोही न थांबता. वळणावर पाय बरोबर फिरले. आम्ही तिघं मागे होतो, बॅगेमुळे आणि ताईमुळे आम्हांला वेळ लागत होता. जिन्यात कुणी काही हलवलं नव्हतं. ती आमच्यापुढे एक मजला होती. खालून तिच्या चपलांचा आवाज येत होता, एका लयीत, एखादी बाई कामावर निघावी तसा.

आम्ही खाली पोचलो तेव्हा ती शेवटच्या पायरीवर उभी होती. पुढे रस्ता होता. गाड्या जात होत्या.

"आता तुम्ही सांगा," ती म्हणाली.

धाकट्याने सांगितलं. डावीकडे, चार पावलं, मग गाडी.